जाणाऱ्या बाया, राहणाऱ्या बाया

आमच्या कळमनुरीच्या घरात आत्याचा विषय निघाला की आई भाकरी जरा जोरातच थापायची. आत्या एकोणिसाव्या वर्षी महानुभाव पंथाचा संन्यास घेऊन गेली. तिला नवऱ्याने टाकलेलं नव्हतं, ती विधवाही नव्हती. लग्नच व्हायचं होतं. मागे आजी राहिली, अर्धांगवायूने खाटेला खिळलेली. अकरा वर्षं आजीचं सगळं आईने केलं. तेव्हा आत्या मोकळी झाली ती कुणाच्या जिवावर, हा प्रश्न मला फार लवकर पडला आणि अजून तो सुटलेला नाही.

मोठी झाल्यावर वाचलं तेव्हा मला आत्याचा अभिमानही वाटू लागला, ही पंचाईत. तेराव्या शतकात, यादवांच्या राज्यात, चक्रधरस्वामींनी बायांना संन्यासाचा अधिकार दिला. पाळी ही शरीरातल्या इतर स्रावांसारखीच, तिचा विटाळ कसला, असं त्यांचं म्हणणं. महदाइसा बालविधवा. ती शंका विचारायची, उत्तर पटेपर्यंत विचारत राहायची, आणि म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त ते सगळं टिपलेलं आहे. रिद्धपूरला तिने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या हौसेपायी ‘धवळे’ रचले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. एरवी तिच्या वाट्याला काय आलं असतं हे सांगायला नको. पुरुष घर सोडून गेला की आपण त्याला संत म्हणतो, त्याच्या म्हाताऱ्या आईचं काय झालं हे विचारत नाही. बाई गेली की पहिला प्रश्न तोच.

पण मी तो विचारणारच, कारण उत्तर माझ्या आईच्या कमरेत आहे.

चक्रधरांच्या आचारधर्मात संन्याशाने एका जागी रमायचं नाही. झाडाखाली राहावं, भिक्षा मागावी, ओळखीपाळखीत गुंतू नये. ख्रिस्ती जोगिणींची वाट नेमकी उलटी. इजिप्तच्या चौथ्या शतकातल्या सिंक्लेटिका या तपस्विनीच्या मते, अंडी सोडून उठणाऱ्या पक्षिणीसारखी जागा बदलणाऱ्या संन्यासिनीची श्रद्धा थंड पडते. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने नियमावली लिहिली, तीत भटक्या साधूंना सगळ्यांत वाईट ठरवलं आणि मरेपर्यंत एकाच मठात राहण्याचं व्रत घालून दिलं. बेनेडिक्टाइन जोगिणी आजही ते घेतात. मला वाटतं दोघांचाही वैरी एकच : मन म्हणेल तिथे जाणं, किंवा मन म्हणेल तिथे बसून राहणं.

बेनेडिक्टच्या नियमावलीत आणखी एक गोष्ट आहे. आजाऱ्यांची सेवा सगळ्यांच्या आधी. म्हणजे घर सोडून आलेल्या बाईच्या वाट्याला पुन्हा खाट येतेच, फक्त ती परक्या माणसाची असते. आपल्याकडेही, नागदेवाचार्यांबरोबर त्यांची आई आबाइसा आणि बहीण उमाइसा चक्रधरांच्या मागे आल्या, बाइसा स्वामींची सेवा आणि व्यवस्था बघायच्या. अख्खं घरच वाटेला लागलं तर मागे खाटेवर राहणार कोण? आमच्याकडे मात्र एकटी आत्या गेली.

गेल्या हिवाळ्यात पैनगंगेपलीकडे, माहूरच्या वाटेवर एका आश्रमात तिला भेटायला गेले. पुढे मठ-आश्रम उभे राहिले, तपस्विनी आता बहुतेक तिथेच राहतात. ‘दंडवत प्रणाम’ म्हणून मी बसले. आत्या एका नव्वदीच्या तपस्विनीला कुशीवर वळवत होती. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, अगदी सरावाने. मला संतापच आला. ही कुणाची कोण? तुझी आई तिकडे होती ना? तोंडातून शब्द फुटला नाही.

निघताना ती म्हणाली, “वहिनीची कंबर कशी आहे गं?”

घरी येऊन आईला सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझी कंबर दुखते हे तिला कुणी सांगितलं?” आणि थोड्या वेळाने, परातीतलं पीठ मळता मळता, “एकटीच वळवते का गं ती म्हातारीला, का कुणी हाताशी असतं?”