हिरवळ कोणाच्या पाण्यावर?

वैशाखात अर्जुनी मोरगावच्या परिसरात फिरणाऱ्यास दोन रंग ठळकपणे दिसतात. जेथे उन्हाळी धान नाही, तेथील बांध्या तणसाच्या रंगाच्या झालेल्या असतात. आणि मध्येच एखाद्या बंगल्यापुढे, कार्यालयापुढे किंवा चर्चच्या आवारात हिरवळीचा नीटस चौकोन डोळ्यांना थंडावा देत असतो. पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकत असताना ही हिरवळ राखणे योग्य की अयोग्य? प्रश्न लहान वाटतो. परंतु विवेकाची परीक्षा बहुधा अशाच लहान प्रश्नांत होत असते.

प्रथम त्या गवताचा विचार करू. आपल्या हवेत टिकणारी हिरवळ म्हणजे मुख्यत्वे हरळी. तीच दूर्वा म्हणून पूजेत मान पावते, शेतात तण म्हणून उपटली जाते आणि अंगणात लाडाने वाढविली जाते. अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात हीच बर्म्युडा गवत या नावाने लावतात. गवत एकच, आपण त्याला कोठे जागा देतो, यावर त्याची प्रतिष्ठा ठरते.

हरळीच्या गरजा मोजक्या आहेत. तिला भरपूर ऊन हवे. म्हणून आंब्याच्या दाट सावलीत तिच्यासाठी अट्टहास करणे व्यर्थ आहे. रोज वरवर पाणी शिंपडले तर मुळे वरच राहतात आणि उन्हात होरपळतात. त्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, पहाटेच्या वेळी, खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापावा, उन्हाळ्यात ते थोडे उंच ठेवावे आणि कापलेले बारीक गवत तेथेच पसरू द्यावे. त्याने ओल टिकते व खतही मिळते. आणि पाणी मुळीच दिले नाही तर? चांगली रुजलेली हरळी पिवळी पडून निद्रिस्त होते. ती मेलेली नसते. मृगाचा पाऊस पडताच तिच्या पेऱ्यांतून नवे कोंब येतात.

आता थोडा हिशेब मांडू. शंभर चौरस मीटर हिरवळीस एकदा 25 मिलिमीटर पाणी द्यायचे, तर 2,500 लिटर पाणी लागते. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दररोज 55 लिटर हे प्रमाण धरले. म्हणजे त्या एका पाळीत पंचेचाळीस माणसांचे एका दिवसाचे पाणी गेले.

हा हिशेब ऐकून कोणी म्हणेल, हिरवळच नको. आम्हांस हे उत्तर घाईचे वाटते. केवळ उपयुक्तता हाच निकष मानला, तर वेदीवरील फुलेही अपराधी ठरतील. हिरवळीवर मुले पडली तरी गुडघे फुटत नाहीत, धूळ बसते, म्हाताऱ्या माणसांस सायंकाळी टेकायला जागा मिळते. सौंदर्य ही माणसाची खरी गरज आहे. दोष सौंदर्यात नाही; बारमाही हिरवेपणाच्या आग्रहात आहे. कापलेल्या हिरवळीची ही आवड आपल्याकडे प्रामुख्याने इंग्रजांबरोबर आली. त्यांच्या देशात आभाळच वर्षभर थोडेथोडे शिंपण करीत असते. 1830 साली एडविन बडिंग यांनी गवत कापण्याचे यंत्र शोधून काढले, तेही त्याच ओलसर भूमीत. आपण गवताबरोबर तेथील ऋतूही मागू लागलो, तर तो कोठून आणणार?

2016 च्या दुष्काळात हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला होता. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. मैदानांसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू, असे आयोजकांचे म्हणणे होते. सामने हलवून वाचलेले पाणी लातूरला थोडेच पोहोचणार, असा आक्षेपही घेतला गेला. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. एका ठिकाणचा त्याग दुसऱ्या ठिकाणची घागर आपोआप भरीत नाही. नळ बंद करून आपले कर्तव्य संपले असे मानणे ही स्वस्त पुण्याई होय. तथापि संत थॉमस अक्वायनस यांनी आत्यंतिक गरजेच्या वेळी वस्तूंवर सर्वांचा समान हक्क असतो, असे प्रतिपादन केले आहे. त्या दृष्टीने पाहता, शेजारी तहानलेला असताना ‘हे माझ्या विहिरीचे पाणी’ हे उत्तर अपुरे पडते. कारण विहीर आपली असली, तरी भूमीखालचे पाणी कुंपण जाणत नाही.

या विवेकाचा धडा दूर शोधण्याची गरज नाही. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आणि पूर्व विदर्भातील कितीतरी मालगुजारी तलाव ही कोहळी समाजाच्या कौशल्याची देणगी आहे. येथे वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो मोजक्या महिन्यांत. तो अडवून पुढच्या दिवसांसाठी राखणे, ही दूरदृष्टी त्या बांधांत आहे. विपुलतेच्या काळात टंचाईची आठवण ठेवणे, यालाच आम्ही संयम म्हणतो.

म्हणून हिरवळ लावणाऱ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते. हे पाणी पिण्याचे की भांडी-कपडे धुऊन उरलेले? ते येथे ओतण्यापूर्वी वस्तीतील शेवटच्या घराची घागर भरली काय? आणि या गवतावर पाय ठेवण्याची मुभा कोणास आहे? ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लावून राखलेली हिरवळ ही केवळ मालकाच्या ऐपतीची जाहिरात असते. तीच मुलांसाठी खुली असेल, तर तिच्यावरचे पाणी काही अंशी तरी सार्थकी लागते.

तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर खुशाल पाणी द्यावे. नसतील, तर वैशाखात हरळीस निजू द्यावे. आपल्या अंगणातील पिवळे गवत पाहुण्यांस दिसले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.