अकराव्या दिवसाचा नकार

घटना केवळ कालक्रमाने सांगितल्या की कथा होते, आणि त्या कार्यकारणभावाने एकमेकींत गुंतल्या की कथानक सिद्ध होते, हा समीक्षेतील परिचित भेद शालेय छळावरील कादंबऱ्यांच्या बाबतीत फार उपयोगी पडतो. कारण छळाचे प्रसंग नुसते एकापुढे एक मांडल्याने करुणा उपजत असली, तरी तो छळ निर्वेधपणे चालू का राहतो हे त्यातून उमगत नाही. रॉबर्ट कॉर्मिअर यांची ‘द चॉकलेट वॉर’ (१९७४) ही अमेरिकन कादंबरी नेमका हाच प्रश्न कथानकाच्या रचनेतून हाताळते.

ट्रिनिटी या कॅथलिक शाळेत निधीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याने चॉकलेटचे पन्नास डबे विकायचे असतात, आणि ‘व्हिजिल्स’ ही मुलांची गुप्त टोळी जेरी रेनॉ या नवख्या मुलाला दहा दिवस विक्रीस नकार देण्याची कामगिरी नेमून देते. अकराव्या दिवशी हजेरीच्या वेळी त्याने होकार द्यायचा असतो. तो पुन्हा ‘नाही’ म्हणतो. कलाटणी, म्हणजे कथानकाची दिशा उलटवणारा क्षण, ती हीच. आधीचे दहा नकार आणि हा नकार यांत वरवर काहीच फरक नसतो, तरीही आज्ञापालनाचे बंड होते, आणि ते आपण का केले हे खुद्द जेरीलाही धड सांगता येत नाही. नायकाला असे अंधारात ठेवण्याचे धाडस किशोरांसाठी लिहिणारे लेखक सहसा करत नाहीत.

निवेदन तृतीयपुरुषी असले, तरी छोट्या छोट्या प्रकरणांतून ते अनेकांच्या मनांत शिरते. ब्रदर लिऑन हे शिक्षक कॅरोनी या हुशार मुलाला नापासाचा शेरा देऊन त्याच्याकडून जेरीची माहिती काढून घेतात, तेव्हा छळाची सूत्रे केवळ टोळीच्या हाती नाहीत हे वाचकाला कळते, जेरीला मात्र नाही.

टोळीचा सूत्रधार आर्ची याच्यावर एकच अंकुश आहे: पेटीत पाच पांढऱ्या आणि एक काळी अशा सहा गोट्या असतात, आणि काळी गोटी हाती आली तर नेमलेली कामगिरी त्याला स्वतःलाच पार पाडावी लागते. अशी पेटी एकदा दाखवली की वाचक काळ्या गोटीची वाट पाहू लागतो. उत्कर्षबिंदूला, म्हणजे सर्व ताण एकवटतो त्या जेरीच्या मैदानावरील झुंजीपूर्वी, ती पेटी पुढे येते आणि गोटी पांढरीच निघते. हा शेवट निराशाजनक म्हणून काही प्रकाशकांनी कादंबरी नाकारली होती, पण कॉर्मिअर यांनी तो बदलला नाही, ते योग्यच झाले. काळी गोटी निघाली असती तर शिक्षा एकट्या आर्चीला झाली असती, आणि त्या झुंजीत कोणी कुठे ठोसा मारावा हे तिकिटांवर लिहून देणारी सारी शाळा निर्दोष सुटली असती.