वहीचे तेरावे पान

आपल्या कामात यश यावे व आपल्या माणसांशी आपले बरे चालावे, या दोन इच्छा बहुतेक प्रत्येक मनुष्याच्या मनात वास करितात. आमच्या मंडळ्यांतील तरुण शिक्षक व उपदेशक आम्हांस भेटतात, तेव्हा त्यांच्या प्रश्नांचा रोखही बहुधा याच दोहोंकडे असतो. आरंभीचा उत्साह ओढ्याच्या पाण्यासारखा चार महिन्यांत आटू नये यासाठी काय करावे? आणि घरी, शेजारी, पंचांच्या बैठकीत वारंवार खटके उडतात, ते कसे थांबावेत? हल्ली एस. टी. स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानांत या विषयावरील पुस्तकांच्या राशी लागलेल्या असतात. त्यांपैकी पुष्कळांचे सांगणे असे की, मनुष्याने स्वतःस सुधारावे, म्हणजे दोन्ही गोष्टी आपोआप साधतील. हे सांगणे खरे आहे काय, व असल्यास कोठपर्यंत खरे आहे, हे आज पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

या कामी नुसता तर्क चालविण्यापेक्षा एका मनुष्याचे चरित्र पुढे ठेवणे बरे. हा मनुष्य म्हणजे अमेरिकेतील बेंजामिन फ्रँक्लिन होय. स्वतःस सुधारण्याचा उद्योग एखाद्या दुकानदाराच्या खातेवहीप्रमाणे चालविणारा इतका प्रसिद्ध मनुष्य दुसरा आढळणे कठीण. त्याचा जन्म 1706 साली बॉस्टन शहरी झाला. बाप मेणबत्त्या व साबण करून विकणारा, घरात सतरा मुले. बाराव्या वर्षी त्यास थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीस ठेविले. भावाशी पटेना, म्हणून सतराव्या वर्षी तो पळून फिलाडेल्फियास गेला. तेथे मोलमजुरीने आरंभ करून त्याने स्वतःचा छापखाना घातला, वर्तमानपत्र चालविले, आणि 1748 साली, म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी, धंद्यातून मोकळे होण्याइतका पैसा मिळविला. पुढे विजेच्या शोधांनी त्याचे नाव युरोपभर झाले, आणि 1776 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत तो होता.

तरुणपणी त्याने मनाशी ठरविले की, आपण निर्दोष व्हावयाचे. त्यासाठी त्याने सद्गुणांची एक यादी केली: मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय, मर्यादा, स्वच्छता, मनाची शांती, शुद्धाचरण. मग एक लहानशी वही करून प्रत्येक गुणास एक पान दिले. पानावर आठवड्याच्या सात दिवसांचे सात उभे रकाने, आणि गुणांच्या आडव्या ओळी. रात्री दिवसाचा झाडा घ्यावयाचा, आणि ज्या गुणात चूक घडली त्याच्या ओळीत काळा ठिपका द्यावयाचा. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष पुरवावयाचे, व तो आठवडा सरला की पुढच्याकडे वळावयाचे. यादी पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. जुने ठिपके खरवडून खरवडून कागदास भोके पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पाने घेतली व त्यांवर शिसपेन्सिलीने खुणा करू लागला. ओल्या बोळ्याने त्या पुसता येत. आपल्या ठायी आपण समजत होतो त्याहून कितीतरी अधिक दोष आहेत हे पाहून आपण चकित झालो, असे त्याने लिहून ठेविले आहे.

या वहीस हसावे असे आम्हांस वाटत नाही. उत्साह हा कोठून तरी अंगात येईल व मग आपण कामास लागू, अशी वाट पाहत बसणाऱ्यांस तिच्यापासून पुष्कळ शिकता येईल. फ्रँक्लिनने उत्साहाची वाट पाहिली नाही. रात्री वही उघडण्याची सवय लाविली, आणि उत्साह त्या सवयीच्या मागून आला. वेळेवर उठणे, कर्ज न करणे, आरंभिलेले तडीस नेणे, या गोष्टींचा हिशेब ज्याचा त्यास ठेविता येतो. सकाळी सहास उठलो की आठास, हे सांगावयास दुसरा कोणी लागत नाही.

तरी त्याचे सर्वच साधले असे नाही. व्यवस्थितपणा त्यास जन्मभर साधला नाही, आणि त्याविषयी त्याने एक गमतीची गोष्ट सांगितली आहे. एका मनुष्याने शेजारच्या लोहाराकडून कुऱ्हाड विकत घेतली, आणि धारेसारखेच तिचे सगळे अंग लखलखीत करून दे म्हणाला. लोहार कबूल झाला, पण चाक तू फिरव म्हणाला. लोहाराने कुऱ्हाडीचे पाते दगडावर असे दाबून धरिले की, चाक फिरविता फिरविता गिऱ्हाइकाचा दम निघाला. तो मधून मधून येऊन पाही. शेवटी आहे तशीच दे म्हणू लागला. लोहार म्हणाला, फिरव अजून, आता कोठे ठिपके ठिपके चकाकू लागले आहेत. त्यावर गिऱ्हाईक म्हणाला, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड अधिक आवडते! आमच्या गावचे लोहारही ही गोष्ट ऐकून मान डोलावतील.

आता ज्यासाठी आम्ही हे चरित्र घेतले त्या मुद्द्याकडे येतो. वाचकांनी वरील यादी मोजिली असेल, तर तीत बाराच गुण सापडले असतील. फ्रँक्लिनची मूळ यादी बाराचीच होती. तेरावा गुण त्यास स्वतःस सुचला नाही. क्वेकर पंथाच्या एका मित्राने त्यास सरळ सांगितले की, लोक तुला गर्विष्ठ समजतात. बोलण्यात तू बरोबर ठरलास एवढ्याने तुझे समाधान होत नाही, तू दुसऱ्यास चिरडू पाहतोस. मित्राने दाखलेही दिले. तेव्हा फ्रँक्लिनने यादीच्या शेवटी नम्रता हा गुण घातला. ‘निःसंशय’, ‘खात्रीने’ असे शब्द बोलण्यातून काढून टाकिले, व त्यांच्या जागी ‘मला असे वाटते’ म्हणू लागला. पुढे सभांत त्याच्या शब्दास जे वजन आले, त्याचे पुष्कळसे श्रेय त्याने या पालटास दिले आहे. नम्रतेचे सोंग मला बरे साधले, खरी नम्रता फारशी साधली नाही, असेही त्याने मोकळेपणे कबूल केले आहे.

जो मनुष्य रोज रात्री स्वतःची इतकी झडती घेत होता, त्यास स्वतःचा गर्व दिसू नये याचे कारण काय? आम्हांस ते असे दिसते. उशिरा उठण्याचा दोष उठणाऱ्याच्याच अंगावर पडतो. गर्वाचा घाव दुसऱ्यास लागतो. मारणाऱ्याच्या हातास तो कळत नाही. माणसामाणसांतील जे व्यवहार आहेत त्यांचा हिशेब आपल्या वहीत नसून समोरच्या माणसाच्या वहीत असतो, आणि ती मागितल्यावाचून पाहावयास मिळत नाही.

हे ध्यानात ठेवून त्याच्या घरात डोकावून पाहू. त्याची पत्नी डेबोरा हिने त्याच्याबरोबर छापखान्यात कष्ट केले. ती पत्रके घडी घालून शिवी, दुकान सांभाळी, कागदासाठी जुन्या चिंध्या विकत घेई. हे सर्व त्यानेच कौतुकाने लिहिले आहे. पुढे सरकारी कामासाठी तो 1757 साली लंडनास गेला, तो 1762 त परतला. 1764 त पुन्हा गेला. डेबोरास समुद्राचे भय होते. ती गेली नाही. 1767 साली मुलीचे लग्न झाले, तेही बापावाचून. नंतर डेबोरास पक्षाघात झाला. 1774 च्या डिसेंबरात ती वारली, तेव्हा नवऱ्यास पाहून तिला दहा वर्षे झाली होती. उद्योग, निश्चय, काटकसर या ओळी त्या दहा वर्षांत स्वच्छ राहिल्याही असतील.

मुलाची हकीकत याहून कठीण आहे. फ्रँक्लिनने आपले आत्मचरित्र लिहावयास 1771 साली आरंभ केला, तो मुलगा विल्यम यास लिहिलेल्या पत्राच्या रूपाने. विल्यम त्या वेळी इंग्लंडच्या राजातर्फे न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. स्वातंत्र्याचे युद्ध पेटले. बाप एका बाजूस, मुलगा राजाच्या बाजूस. 1776 साली विल्यम कैद झाला, आणि 1777 त पत्नी मरणास टेकली असताही त्यास तिच्याकडे जाऊ दिले नाही. युद्ध संपल्यावर 1784 साली विल्यमने लंडनाहून बापास पत्र लिहिले: मी माझे कर्तव्य समजून वागलो, आता आपला पूर्वीचा लोभ पुन्हा जडावा. बापाने उत्तर लिहिले की, म्हातारपणी आपल्या एकुलत्या मुलाने आपणास सोडावे, इतकेच नव्हे तर आपल्याविरुद्ध शस्त्र धरावे, याइतके दुःख आपणास दुसऱ्या कशानेही झाले नाही. 1785 त साउदॅम्प्टन बंदरात दोघे भेटले, पण भेटीत जमिनीचे कागद झाले, मनाचे काही झाले नाही. पुन्हा ते भेटले नाहीत. 1790 साली बाप वारला, तेव्हा मृत्युपत्रात मुलाच्या त्या वर्तनाचा उल्लेख करून त्याने त्यास नाममात्र काही ठेविले.

तेरा गुणांच्या वहीचे वर्णन आत्मचरित्राच्या ज्या भागात आहे तो भाग पॅरिसजवळ पासी येथे 1784 साली लिहिला गेला. मुलास ते उत्तर गेले तेही त्याच साली, त्याच गावाहून. यावरून फ्रँक्लिन ढोंगी होता असे आम्ही म्हणत नाही. मुलाचा अपराध बापास खराच मोठा वाटला असेल. पण वहीत ‘न्याय’ आहे, ‘मनाची शांती’ आहे, ‘नम्रता’ही आहे, आणि तिच्यात एकही जागा अशी नाही की जेथे विल्यमने येऊन ठिपका द्यावा.

याच मनुष्याच्या आयुष्यात उलट दाखलाही आहे. त्याच्या घरी गुलाम होते, व त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. न्याय हा त्याच्या यादीतला आठवा गुण. परंतु वहीच्या वर्णनात गुलामांचे नावही येत नाही. फिलाडेल्फियात 1758 साली काळ्या मुलांसाठी एक शाळा निघाली. 1759 त डेबोरा चर्चमध्ये त्या मुलांची प्रश्नोत्तरे ऐकावयास गेली, आनंदित झाली, व तसे तिने नवऱ्यास लंडनास कळविले. स्वतः फ्रँक्लिन 1763 त त्या शाळेत गेला. मुलांची समज, स्मरणशक्ती व शिकण्याची तयारी गोऱ्या मुलांच्या बरोबरीची आहे असे पाहून त्याने लिहिले की, या लोकांविषयी माझा जो समज होता त्याचे समर्थन मी करू इच्छीत नाही. मन पालटले म्हणून घर लगेच पालटले नाही. त्यानंतरही पुष्कळ वर्षे त्याच्याकडे गुलाम होते. परंतु 1787 साली तो गुलामगिरी मोडू पाहणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील सभेचा अध्यक्ष झाला, आणि 1790 च्या फेब्रुवारीत, मरणाआधी दोन महिने, गुलामगिरीविरुद्धचा अर्ज त्याच्या सहीने काँग्रेसपुढे गेला. रात्रीच्या ठिपक्यांनी जे पुष्कळ वर्षांत दाखविले नाही, ते एका शाळेच्या बाकांनी दाखविले. बायकोस ते चार वर्षे आधीच दिसले होते, ही गोष्ट आमच्या उपदेशकबंधूंनी मनात ठेवावी.

येथे कोणी रास्त शंका काढील. दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःस मोजावयाचे, तर गावात दोष काढणारांस काय तोटा? आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजापणज्यांस वाड्याच्या दाराशी जोडे हातात घेऊन उभे राहावे लागले आहे. नम्र हो, पायरीने राहा, हा उपदेश त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकिला; तो करणारांस त्यांच्या वाढीची काळजी होती असे नव्हे. ही शंका आम्ही हलकी समजत नाही. आमच्या वाकण्यात ज्याचा लाभ आहे त्याने काढलेला दोष आधी पारखून घ्यावा, आणि तो खोटा ठरल्यास मान ताठच ठेवावी. ज्यांचे मत विचारावयाचे ते लोक निराळे. आपल्या शब्दाने ज्यांचा दिवस चांगला किंवा वाईट जातो, आणि जे आपल्यास भिऊन गप्प राहतात, ते हे लोक: घरची बायको, वर्गात शेवटी बसणारे पोर, प्रार्थनामंदिर झाडणारी बाई, हाताखालचा नवा शिक्षक. ज्याच्या हाती थोडीही सत्ता आली त्यास असे लोक असतातच, आणि कालपर्यंत स्वतः दाराशी उभा राहिलेला मनुष्यही यास अपवाद नाही.

उपदेशकाच्या मासिक अहवालात किती घरी भेटी दिल्या, किती सभा घेतल्या, किती मुले हजर होती, हे सर्व असते, आणि असावे. परंतु अहवाल उत्तम व घरात अबोला, अशी उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. अशा ठिकाणी नवरा अधिक उत्साह कसा आणावा हे विचारीत येतो. त्यास उत्साह कमी नसतो. त्याने चुलीपाशी काही विचारलेले नसते.

आता हे विचारणेही सोपे नाही. तपासनीस शाळेत येऊन प्रश्न घालितो तसे विचारल्यास उत्तर येते, ‘काही नाही हो, सर्व ठीक आहे.’ ज्याने वर्षानुवर्षे ऐकिले नाही, त्यास एका संध्याकाळी खरे उत्तर मिळण्याचा हक्क नाही. ती ज्वारी निवडीत असता शेजारी बसून चार खडे आपणही काढावेत, व दोनदा तीनदा गप्प बसावे. मग कधी तरी, वर न पाहता, ती म्हणेल, ‘पाहुणे आणता ते आणा, पण आणण्याआधी डब्यात पीठ आहे की नाही, एवढे तरी विचारीत जा.’