खांद्यावरील ढलपी

भांडणास टपलेल्या मनुष्याविषयी इंग्रजीत असे म्हणतात की, त्याच्या खांद्यावर ढलपी आहे. ह्या बोलण्याचे मूळ अमेरिकेतले. इ. स. १८३० साली न्यूयॉर्क प्रांतातील एका वर्तमानपत्राने तेथील मुलांची चाल वर्णिली आहे. ज्यास मारामारीची खुमखुमी येई तो लाकडाची ढलपी आपल्या खांद्यावर ठेवी, आणि हिंमत असेल तर पाड, असे दुसऱ्यास आव्हान देई.

ह्यात आम्हांस नवल वाटते ते हे की, ढलपीवाला स्वतः प्रथम हात उगारीत नाही. पहिला हात दुसऱ्याचा पडावा, म्हणजे दोष त्याच्या पदरी जाईल, ही त्याची योजना. आपण ह्यास कुरापत काढणे म्हणतो, व दोष कुरापत काढणाऱ्यावरच ठेवितो. आमच्या मते आपल्या भाषेचा न्याय अधिक खरा.

परंतु वाचकहो, दुसऱ्यांकडे बोट कशास दाखवावे? एकदा एका बैठकीस जाताना आम्ही वाटेतच एक सडेतोड उत्तर जुळवून ठेविले होते. तेथे पोहोंचल्यावर अगदी मऊ स्वरात एक टोचणारा प्रश्न टाकिला, आणि समोरचे बंधू केव्हा संतापतात ह्याची वाट पाहत बसलो. मंडळींनी आमच्या शांतपणाची वाखाणणीही केली! ते बंधू मात्र शेवटपर्यंत सौम्यच बोलले. घरी परतताना आम्हांस त्याचा आनंद व्हावा तो न होता हिरमोड झाला. ते उत्तर आम्हांस अद्यापि तोंडपाठ आहे.