दोघांना मिळून एक खुर्ची

‘त्यांच्यात पुरुष ऐकतच नाहीत हो, संस्कृतीच तशी.’ शिकागोतल्या आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात, वड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या एका डॉक्टरांनी हे म्हटलं आणि पुढच्या-मागच्या चौघांनी माना डोलावल्या. ‘ते’ म्हणजे मेक्सिकन, पोर्तो रिकन, ग्वाटेमालन, स्पॅनिश बोलत जे कोणी त्यांच्या दवाखान्यात येतात ते सगळे. आणि ऐकायचं काय, तर झोपताना सीपॅप या हवेचा दाब देणाऱ्या यंत्राचा मास्क लावायचा. रुग्ण न वापरलेली यंत्रं परत करतात, त्यावरून जी चर्चा चालते, तिचा निकाल त्या रांगेत एका वाक्यात लागला. माझ्या घशाखाली तो वडा उतरला नाही.

संस्कृतीवर खापर फोडलं की डॉक्टर सुटतात, विमा कंपनी सुटते, यंत्र भाड्याने देणारा सुटतो. अडकतो तो फक्त झोपेत श्वास थांबणारा माणूस. घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो. तीव्र आजारात हे तासाला तीस किंवा त्याहून जास्त वेळा. सकाळी हाच माणूस शिडी चढतो, ट्रक चालवतो. त्याला आपण सांगणार की तुझी संस्कृती आड येते आहे. कुठली संस्कृती? क्यूबातून मायामीला आलेल्या आजोबांची, ब्राँक्समधल्या डॉमिनिकन टॅक्सीवाल्याची, की इथं लिटल व्हिलेजमध्ये राहून घरं बांधणाऱ्या, मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या माणसाची? या तिघांचं जेवण वेगळं, बोलणं वेगळं, अमेरिकेत येण्याचं कारण वेगळं. दवाखान्याच्या फॉर्मवर मात्र तिघांना मिळून एकच चौकोन.

आणि पुरुषी अहंकार म्हणता? तो घरं बांधणारा माणूस जिप्समच्या भिंती घासताना दिवसभर नाकातोंडावर मास्क बांधून असतो. पट्टे आवळलेले, गालांवर वळ, आतून घामाने ओलं. तिथं त्याचा पुरुषार्थ आड येत नाही. कारण तिथं मास्क कसा लावायचा हे शेजारी काम करणाऱ्या माणसाने त्याच्या भाषेत, हाताने करून दाखवलेलं असतं, आणि कशापासून वाचायचं ती धूळ डोळ्यांना दिसते. रात्रीच्या मास्कसाठी त्याला मिळते एक इंग्रजी पुस्तिका. ती नाही मिळाली तर गुळगुळीत कागदाचं पत्रक, ज्यावर मोठ्या खोलीतल्या पांढऱ्याशुभ्र पलंगावर एक जोडपं हसत असतं. ज्या घरात पलंगाशेजारी दोन मुलांची गादी पसरलेली असते, आणि भिंतीपलीकडे भाऊ सहकुटुंब राहतो, तिथं त्या पलंगाचं चित्र पाठवणाऱ्यांनी त्या घराचा विचारच केलेला नाही.

यंत्र टाकून देणं हे काय हिस्पॅनिकांचंच आहे? गोरे टाकतात, काळे टाकतात, आपले टाकतात. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, चार बेडरूमच्या घरांत, पाहुणे येणार म्हणून यंत्र कपाटात लपवणारे मराठी पुरुष मला माहीत आहेत. त्यांच्या बाबतीत कोणी मराठी संस्कृतीचं नाव घेत नाही. त्यांना डॉक्टर म्हणतात, ‘होईल सवय, मास्क बदलून बघू.’ तीच सबुरी दुसऱ्याच्या वाट्याला का येत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

आकड्यांकडेही बघा. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो या चार शहरांतल्या हिस्पॅनिकांचा जो मोठा आरोग्य-अभ्यास झाला, त्यात चौदा हजारांवर लोकांची घरच्या घरी रात्रीची तपासणी केली गेली. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. मध्यम किंवा तीव्र आजार असलेले निघाले ९.८ टक्के. आपल्याला हा आजार असल्याचं निदान झालं आहे, असं सांगणारे फक्त १.३ टक्के. बाकीच्यांपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. ज्यांना सांगितलंच नाही, ते ऐकत नाहीत असं कसं म्हणता येईल?

रुग्णाला त्याच्या भाषेत का सांगत नाही, घरच्यांना आत का घेत नाही, याला वेळ नाही, दुभाषा महाग पडतो, रुग्णाच्या खासगीपणाचा नियम आहे, ही कारणंही त्या रांगेत निघाली. ती किती लंगडी आहेत हे प्रत्येक दवाखान्याला ठाऊक आहे.

मी स्वतः इथल्या दवाखान्यांत मराठी-हिंदी दुभाषाचं काम करते. मुलांकडे आलेले आईवडील, मेडिकेअर हा सरकारी विमा मिळालेले जुने लोक, त्यांच्याबरोबर आत बसते. त्यामुळे बाहेरच्या खोलीत काय चालतं ते दिसतं. जोडपं येतं. नाव पुकारलं जातं ते नवऱ्याचं. तो उठतो, बायको उठते, दारातली बाई तिला हाताने थांबवते. कधी आत घेतलंच, तर तपासणीच्या खोलीत रुग्णासाठी टेबल, डॉक्टरसाठी चाकाचं स्टूल आणि एक खुर्ची, जिच्यावर रुग्णाचा कोट पडलेला असतो. बायको पर्स पोटाशी धरून भिंतीला टेकून उभी राहते.

वास्तविक त्या खोलीत सगळ्यात जास्त माहिती तिलाच असते. या आजारासाठी जगभर वापरली जाणारी जी आठ प्रश्नांची यादी आहे, तिच्यातला एक प्रश्न असा आहे की झोपेत तुमचा श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का. झोपलेल्या माणसाला याचं उत्तर देता येणार नाही. ते तिच्याकडे आहे. घोरणं अचानक थांबतं, छाती हलते पण हवा येत नाही, ती मनातल्या मनात आकडे मोजते, शेवटी कोपराने ढोसते. निदान तिच्या साक्षीवर सुरू होतं आणि उपचार ठरवताना तिला बाहेर बसवतात. हा तिचा अपमान तर आहेच, पण उपचाराचा अपव्ययही आहे.

त्याहून वाईट म्हणजे मुलांना मध्ये घालणं. ओबामांच्या आरोग्य कायद्याखाली २०१६ साली आलेल्या नियमांनी, तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलाकडून दुभाषाचं काम करून घ्यायला मनाई केली. तरी ते होतं. अकरा-बारा वर्षांची मुलगी आईबापांच्या मध्ये उभी राहून बोलताना मी पाहिली आहे. श्वास, वजन, रक्तदाब इथपर्यंत ठीक चाललं. मग डॉक्टरांनी नवराबायकोच्या संबंधांबद्दल विचारलं. वैद्यकाच्या दृष्टीने प्रश्न योग्यच होता, कारण या आजाराचा तिथवर परिणाम होतो आणि मास्क लावून एका पलंगावर झोपायची लाजही तिथंच असते. मुलगी खाली बघत राहिली, मग स्पॅनिशमध्ये काहीतरी दुसरंच बोलली. बापाने ‘सी, सी’ म्हटलं. फाइलमध्ये काय लिहिलं गेलं असेल? फोनवरून दुभाषा दोन मिनिटांत मिळतो. त्या खोलीत भिंतीवर फोन होता.

ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा हवेच्या दाबाचा उपाय जगापुढे ठेवला. तेव्हापासून यंत्र लहान झालं, आवाज कमी झाला, त्यात मोडेम बसला आणि रात्रीचा हिशेब परस्पर कंपनीकडे जाऊ लागला. मास्क मात्र अजून हातानेच लावावा लागतो. दवाखान्यात तो बसवतात ताठ बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर. घरी तो आडवा होतो, गाल सरकतात, कुशीवर वळला की कडेतून हवा फुसफुसत डोळ्यात जाते. तो पट्टा आवळतो. जास्त आवळला की मास्क वाकडा बसतो, हवा आणखी सुटते, नाकाच्या हाडावर जखम होते. हे त्याला एकट्याला उमगत नाही, कारण कान मास्कच्या आवाजाने भरलेले आणि डोळे मिटलेले. शेजारी झोपलेल्या माणसाला हवा कुठून सुटते ते ऐकू येतं, मागचा पट्टा दोन बोटांनी सैल करता येतो. हे दोघांना, आडवं झोपवून, यंत्र चालू ठेवून, त्यांच्या भाषेत एकदा दाखवायला वीस मिनिटं लागतील.

इथंच शिकागोत रोझलिंड कार्टराइट यांनी २००८ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बायको त्याच पलंगावर झोपत असेल तर नवरा यंत्र जास्त वापरतो, असं त्यात दिसलं. यावरून बायकोला पहारेकरी नेमायचं, असा अर्थ कोणी काढू नये. ‘लावलास का? का काढलास?’ असं रोज विचारणाऱ्या बायकोपासून लपवायला नवरा शिकतो. दोघांनी मिळून अडचण सोडवणं वेगळं. यंत्राच्या टाकीत पाणी कोण भरतं, सकाळी नळी कोण धुतं, मुलाला मास्कची भीती वाटते तर त्याला दिवसा तो हातात कोण देतं, अशा साध्या गोष्टींत ते असतं.

आणि तेही प्रत्येक घरात जमणार नाही, हे मला मान्य आहे. तो पहाटे चारला कामावर निघतो, ती रात्री ऑफिसं झाडून दोनला घरी येते. पलंग एक असला तरी एकत्र झोप दोनच तासांची. मेडिकेअरचा नियम सांगतो की पहिल्या तीन महिन्यांत, सलग तीस दिवसांतल्या ७० टक्के रात्री, किमान चार तास यंत्र चाललं पाहिजे. बऱ्याच खासगी विमा कंपन्यांनीही हीच मोजपट्टी उचलली. ज्याच्या वाट्याला साडेतीन तासच झोप येते, त्याने हे चार तास पुरे कसे करायचे? त्यात २०२५ च्या जानेवारीत रुग्णालयांना इमिग्रेशनच्या धाडींपासून जे संरक्षण होतं ते सरकारने काढून घेतलं, तेव्हापासून कित्येक घरांत दवाखान्यात एक जणच जातो, दोघं एकदम घराबाहेर पडत नाहीत. अशा वेळी बायकोऐवजी भाऊ चालेल, सासू चालेल. आणि वर्षानुवर्षांच्या जागरणानंतर एखादी बाई दुसऱ्या खोलीत निजायला गेली, तर मी तिला नावं ठेवणार नाही.

नावं ठेवायची आहेत ती उलट्या बाजूला. आजार बाईलाही होतो. ती दमलेली असते, सकाळी डोकं दुखतं, रात्री झोप लागत नाही, आणि तिला निराशेच्या गोळ्या मिळतात. तिच्याबरोबर दवाखान्यात नवरा आलेला मी फारच कमी वेळा पाहिला आहे. स्पॅनिश घरांत कमी, आणि माझ्याबरोबर येणाऱ्या काकूंच्या घरांत त्याहून कमी. मागच्या महिन्यात एका काकूंना मी विचारलं, काका कुठे आहेत? म्हणाल्या, ‘गाडीत बसलेत. त्यांना म्हटलं, तुम्हाला आत बसायला जागा नसेल.’ खरं तर त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. काकांना बोलावून आणायला मी पार्किंगमध्ये गेले.