वेग आणि सलाम

डोंगराळ मुलखात माणसांची उच्चनीचता डोळ्यांना दिसते. वाडा वर असतो, वस्ती खाली असते. पण जिथे जमीनच सपाट आहे तिथे वर कोण आणि खाली कोण, हे कसे ठरते? मला वाटते, सपाट मुलखात वेग हीच उंची असते. आणि हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. वेगाने जाणारा माणूस संथपणे जाणाऱ्याचे काही देणे लागतो का?

हा प्रश्न मला ग्रंथातून सुचलेला नाही. हतनूरच्या पाणथळीतून सायकल चालवताना तो सुचला. भुसावळ तालुक्यात तापीवर हे धरण आहे. पावसाळ्यात त्याचे 41 दरवाजे उघडले की जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांची पहिल्या पानाची बातमी ठरलेली. तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवला. धरणाचे पाणी तिथपर्यंत मागे पसरले आहे. इतक्या वर्षांत गाळ एवढा साचला की काठाकाठाने उथळ पाणी, पाणवनस्पती आणि चिखलाची बेटे तयार झाली. पाणी ओसरले की त्याच चिखलात लोक गाळपेर करतात. उत्तरेला सातपुडा दिसतो, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, पण दोन्ही दूरच. मधे केळी, कपाशी आणि पाणी. या रस्त्यांवर चढ नाही म्हणून नवखा माणूस खूश होतो. त्याला हे उशिरा कळते की उतारही नाही. म्हणजे फुकटचा वेग नाही. जो काही वेग आहे तो एकतर आपल्या पायांचा, नाहीतर पेट्रोलचा.

हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी तासभर या रस्त्यावर काढला तर सगळा समाज समोरून जातो. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई. जुन्या सायकलच्या कॅरिअरवर थर्माकोलची पेटी बांधून मासळी नेणारा भोई. शहरातून आलेले, हेल्मेट आणि काळे चष्मे लावलेले हौशी सायकलस्वार. 2020 च्या टाळेबंदीनंतर यांची संख्या आपल्याकडेही वाढली आहे. मग मोटारसायकल, मग जीप, मग डंपर. आता नीट पाहा, बाजूला कोण होतो? बाई सगळ्यांसाठी बाजूला होते. भोई मोटारसायकलसाठी होतो. मोटारसायकल डंपरसाठी होते. डंपर कुणासाठीच होत नाही. रस्त्यावर कुणी कुणाला जात विचारलेली नाही, पैसा विचारलेला नाही. तरी उतरंड बरोबर लागलेली असते आणि प्रत्येकाला आपली पायरी पाठ असते.

आपल्याकडे या उतरंडीला उलटे करणारा एक जुना नियम आहे. हदीसमध्ये सांगितले आहे की स्वाराने पायी चालणाऱ्याला सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला करावा आणि थोड्यांनी बहुतांना करावा. लहानपणी मदरशात हे आपण सर्वांनी पाठ केले आहे आणि शिष्टाचाराचे कलम म्हणून सोडूनही दिले आहे. माझ्या मते ते शिष्टाचाराचे कलम नाही. जगाची रीत अशी की खालच्याने वरच्याला आधी मुजरा करायचा. इथे जो उंचावर बसला आहे, ज्याच्या बुडाखाली घोडा आहे, त्याच्यावरच पहिली जबाबदारी टाकली आहे. उलेमांनी याचे एक कारण दिले आहे: स्वाराच्या मनात गर्व येऊ नये. मला आणखी एक कारण दिसते. स्वार पायी चालणाऱ्याला तुडवू शकतो, पायी चालणारा स्वाराला तुडवू शकत नाही. म्हणून ज्याच्यापासून धोका आहे त्याने आधी सांगायचे, माझ्याकडून तुला सलामती आहे. सलामचा अर्थ तोच तर आहे.

पण सलाम पोहोचायला आवाज पोहोचावा लागतो. घोड्यावरून आवाज पोहोचतो. काच वर केलेल्या गाडीतून काय पोहोचते? फक्त हॉर्न.

बी.एड. करताना इव्हान इलिच हे नाव कानावर पडते. शाळाच नकोत असे म्हणणारा विचारवंत म्हणून तो परीक्षेपुरता वाचला जातो. याच इलिचने वाहतुकीवरही लिहिले आहे. 1974 साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या निबंधात त्याचे म्हणणे असे की वाहनाचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपासची मर्यादा ओलांडू लागला की समाजातली समता कमी होऊ लागते. थोड्यांचा वेळ वाचतो आणि त्याची किंमत इतर सारे मोजतात. सायकल त्याला प्रिय होती ती यासाठी. सायकल माणसाला पायी चालण्याच्या तिप्पट-चौपट वेग देते आणि दुसऱ्या कुणाचा रस्ता हिरावून घेत नाही. मी यात माझी एक भर घालीन. सायकलच्या वेगात सलाम ऐकूही येतो आणि त्याचे उत्तरही ऐकू येते.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, मनियार होते. सायकलच्या कॅरिअरवर बांगड्यांची पेटी बांधून खेडोपाडी फिरायचे. काचेचा माल, म्हणून सायकल जोरात हाणणे शक्यच नव्हते. खड्डा दिसला की उतरायचे. बांधावरच्या म्हाताऱ्याला रामराम, मशिदीच्या ओट्यावर बसलेल्यांना सलाम, हे सगळे चालत्या सायकलवरून. त्यांच्या धंद्यात संथपणा ही मजबुरी होती, पण त्याच मजबुरीतून चार गावांत त्यांची ओळख झाली.

इथे मला स्वतःलाच अडवले पाहिजे. मजबुरीच्या संथपणाचे गोडवे गाणे सोपे असते, विशेषतः ज्याच्या दारात मोटारसायकल उभी आहे त्याला. आमच्या वर्गात चालत येणारी मुलगी आणि सायकलने येणारी मुलगी यांच्यात फरक असतो. पहिली दमून येते. पावसाळ्यात येतच नाही आणि आठवीनंतर अनेकदा घरीच राहते. तिला वेग हवा आहे, वेगाविरुद्धचे प्रवचन नको. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतच सायकल शिकवण्याचा कार्यक्रम घेतला गेला. हजारो बायका सायकल शिकल्या, त्यांत आपल्या समाजातल्याही होत्या. लोक हसले, टोमणे मारले, बायका थांबल्या नाहीत. पी. साईनाथ यांच्या ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या पुस्तकामुळे ही हकीकत मराठी वाचकांपर्यंत आली. त्या बायकांना कुणी ‘सावकाश जा’ असे सांगितले असते तर तो उपदेश नव्हे, अन्याय झाला असता. तेव्हा वेग वाईट आणि संथपणा पवित्र, असे माझे म्हणणे नाही. खालचा माणूस वेग मिळवतो तेव्हा तो उभा राहतो. प्रश्न उभ्या राहिलेल्याने बसलेल्याकडे कसे पाहावे एवढाच आहे.

आणि थांबणे म्हणजेच अदब, असेही नाही. हतनूरला थंडीत चक्रवाक येतात. हा आपला सुरखाब. ‘तुला काय सुरखाबचे पंख लागलेत?’ असे आपण उर्दूत ज्याच्या नावाने टोमणे मारतो तोच हा तांबूस पक्षी. तिबेट-लडाखच्या बाजूने हिमालय ओलांडून येतो आणि आपल्या गाळावर शांतपणे चरतो. रस्त्यावरून सायकल सरळ गेली तर तो मान उचलतो आणि पुन्हा खाली घालतो. पण तुम्ही कौतुकाने थांबलात, उतरलात, दोन पावले पुढे टाकलीत, की सारा थवा उडतो आणि त्याची दाणापाण्याची वेळ वाया जाते. म्हणजे भोयासाठी वेग कमी करणे ही अदब, आणि सुरखाबसाठी न थांबता निघून जाणे ही अदब. समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय कोणतीही अदब पुरी होत नाही. हौशी सायकलस्वारांबद्दल माझी तक्रार असेल तर ती इथे आहे. त्यांच्या महागड्या सायकलींबद्दल नाही. हौस हलाल आहे. पण ते मनगटावरच्या घड्याळात किलोमीटर पाहत जातात आणि भाऱ्याखालच्या बाईमागे घंटी वाजवतात. तिने कष्ट निवडलेले नाहीत, यांनी निवडले आहेत. घाम दोघांनाही येतो म्हणून दोघे बरोबरीचे होत नाहीत.

आता सलामचा प्रश्न माणसाच्या हातातूनही निसटत चालला आहे. जळगाव-धुळे हा सुरत-नागपूर महामार्गाचा तुकडा, पूर्वी याचा क्रमांक 6 होता, आता 53 आहे. तो चौपदरी झाला. चांगलेच झाले, धुळ्याला जाणाऱ्या रुग्णाला विचारा. पण रस्ता रुंद झाला तेव्हा वेगाची उंची सिमेंटमध्ये पक्की झाली. पूर्वी ट्रकवाल्याच्या मनात आले तर तो ब्रेक मारायचा, हात करायचा. आता मधे दुभाजक आहे. शेत एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असलेल्या माणसाचा विचार नकाशा काढतानाच करावा लागतो. तिथे तो झाला नाही तर नंतर कोणत्याही चालकाचा चांगुलपणा त्याला रस्ता ओलांडून देऊ शकत नाही. जळगाव शहरात समांतर रस्त्यांसाठी लोकांना वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले, ते उगीच नव्हे. स्वारांचा सलाम आता इंजिनिअरच्या कागदावर लिहिलेला असायला हवा, आणि आपल्यातली जी मुले इंजिनिअर होत आहेत त्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

तोवर लोक आपापली सोय करतात. ज्या ठिकाणी दुभाजक जरा खचलेला असतो तिथे दूधवाला सायकल थांबवतो, दोन्ही कॅन उतरवून पलीकडे ठेवतो, मग सायकल उचलून नेतो. या सगळ्याला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंनी गाड्या जातच असतात.