झाड ओळखायला वर्ष लागते



संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचताना एक पेच पडतो. अध्यायाच्या आरंभीच प्रभू येशू दुसऱ्यांचा न्याय करण्यापासून आपल्याला परावृत्त करतो आणि थोडे पुढे गेल्यावर, झाडाची पारख फळावरून होते तशीच माणसांचीही करावी, असे शिकवतो. मग शेजाऱ्याची पारख करायची की नाही? मुलीसाठी स्थळ पाहताना, पतपेढीत कर्जाला जामीन राहताना पारख केल्यावाचून तर कोणाचेच चालत नाही.

प्रभूने दाखला झाडाचा दिला आहे, तेव्हा उत्तरासाठी झाडाकडेच जाऊ या.

उपवासकाळात वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराकडे पाहा. पुष्कळ झाडे उघडीबोडकी दिसतात. ही पानझडीची झाडे. उन्हाळ्यात पाणी कमी पडते, पानांवाटे ओलावा उडून जाऊ नये म्हणून झाड आपणहून पाने टाकते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला साग कोणता, ऐन कोणता हे कळत नाही. एखादे मेलेले झाडही त्यांच्यातच खपून जाते.

जाणकार मात्र जवळ जातो. एका खुणेवर तो विसंबत नाही. सागाचे कोवळे पान चुरगळले की बोटे लाल होतात, ही खूण सोपी. पण पळसाला पाने तीन, तशी पांगाऱ्यालाही तीनच. तिथे नुसते पान फसवते, पांगाऱ्याच्या फांदीवरचे काटे पाहावे लागतात. ऐन आणि अर्जुन यांच्या तर फळांनाही सारखेच पाच पंख असतात. मग सालीकडे पाहायचे. ऐनाची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. अर्जुनाची फिकट, गुळगुळीत आणि पापुद्रे सुटणारी.

आणि फांदीवर पान, फूल, फळ काहीच नसेल तर? तर गळालेल्या पानाचा वण शोधायचा. त्या वणाच्या लगेच वर बारीकसा डोळा असतो. पान फांदीवर असतानाच तो तयार झालेला असतो. म्हणजे झाड ओकेबोके दिसते, तेव्हा पुढच्या पालवीची तयारी आधीच होऊन गेलेली असते. तरीही शंका वाटली तर नखाने साल किंचित खरवडतात. आत हिरवे दिसले, की झाड जिवंत आहे.

प्रभूच्या देशात जैतून बाराही महिने हिरवे असते, पण अंजिराची पाने हिवाळ्यात गळतात. शुभवर्तमानात अंजीर पुन्हा पुन्हा येते. एकदा भरघोस पाने असून फळ नाही म्हणून, एकदा कोवळी पालवी उन्हाळ्याची चाहूल देते म्हणून. पण आपल्या प्रश्नाला सर्वात जवळचा दाखला संत लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. तीन वर्षे फळ न देणारे अंजीर मालक तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो.

हा माळी खोटे बोलत नाही. झाडाला फळ आहे असे तो म्हणत नाही. फळ हीच खरी कसोटी, हेही त्याला मान्य आहे. तो फक्त मुदत मागतो आणि त्या मुदतीत आपण स्वतः आळे खणू, खत घालू असे कबूल करतो.

पारख आणि न्याय यांतला फरक मला इथे दिसतो. 'यंदा फळ नाही' ही पारख झाली. ती खरी असेल तर बोलावी. 'याला कधीच फळ येणार नाही' हा न्याय झाला; तेवढे ज्ञान आपल्यापाशी नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या तरुणाला आपण म्हणतो, "हा काय सुधारणार!" मिस्साला न येणाऱ्या घरावर काट मारतो. रस्त्यावरून पाहिलेले एक बोडके झाड, आणि आपला निकाल तयार!

कोणी विचारील, मग अन्याय करणाऱ्यालाही मुदतच देत राहायची काय? नवरा मारझोड करतो, त्या बाईला "थांब, सुधारेल" असे सांगायचे? मुळीच नाही. तिथे फळ समोर आहे आणि ते विषारी आहे. त्या बाईला आणि मुलांना आधी सुरक्षित जागी नेले पाहिजे. माळी स्वतःच्या घामावर मुदत मागतो, दुसऱ्याच्या रक्तावर नाही. ज्या धीराची किंमत दुसरा कोणी मोजतो, तो धीर द्यायला आपल्याला सांगितलेले नाही.

पण ज्याची किंमत आपल्यालाच मोजायची आहे, तिथे आपण फार लवकर कुऱ्हाड उचलतो. थोडा वेळ, एखादी खेप, चारचौघांत बाजू घेण्याचे धाडस, एवढीच बहुधा ती किंमत असते.

प्रत्येकाच्या मनात काट मारलेले एखादे नाव असतेच. या आठवड्यात त्या माणसाच्या घरी जाऊन यावे. उपदेश करू नये, चहा घ्यावा, विचारपूस करावी. जवळ गेल्याशिवाय डोळा दिसत नाही.